आदरणीय कलाकार यांस

पेनहेल सरांचा एक नियम होता, आणि तो परीक्षा मंडळाच्या कुठल्याही कागदावर लिहिलेला नव्हता. गाणं कुणाचंही घ्या, आधी त्या माणसाला पत्र लिहा. उत्तर येवो न येवो, पत्राची प्रत फायलीत लागलीच पाहिजे. "दुसऱ्याच्या झाडाचं सफरचंद तोडायचं तर निदान कुंपणावरून हाक तरी मारा," असं ते दर ऑक्टोबरात म्हणत. बारा वर्षांत त्यांच्या एकाही विद्यार्थ्याला एकाही गायकाचं उत्तर आलं नव्हतं, आणि याचा त्यांना का कोण जाणे, अभिमानच होता.

पत्राचा मसुदाही त्यांचाच. 'आदरणीय कलाकार यांस, मी माध्यम-अभ्यास या विषयाची विद्यार्थिनी असून आपले अमुक गाणे माझ्या परीक्षेच्या कामासाठी वापरू इच्छिते.' खाली दोन ओळी आश्वासनांच्या, शेवटी 'काम पूर्ण होताच आपणास दुवा पाठवला जाईल'. गाण्याचं नाव भरायचं, आपलं नाव भरायचं, धाडून द्यायचं.

टॅम्सिन ट्रेगियरनं नाव भरलं. गाणं 'ओल'. गायिका केरेन्झा ट्रेगियर. शेजारी बसलेल्या मोर्वेनानं मान लांब करून पडद्याकडे पाहिलं.

"अगं, ही तुझी बहीण ना?"

"हो."

"मग 'आदरणीय कलाकार' काय? 'अगं ए केरी' असं लिही ना! सख्खी बहीण आहे का महापौरीण?"

"मसुदा असाच आहे," टॅम्सिन म्हणाली आणि तिनं पत्र पाठवून दिलं.

मोर्वेना अवाक झाली, आणि ही मुलगी सहसा अवाक होत नाही. कॅम्बोर्नच्या निम्म्या लोकांना ती संध्याकाळी तळलेले मासे बांधून देते आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल तिला तिथंच कळतं. ट्रेगियरांच्या घरात काय झालं तेही तिला ठाऊक होतं. अडीच वर्षांत त्या दोघी बहिणी एका अक्षरानं बोललेल्या नव्हत्या.

काम तसं साधं होतं. प्रत्येकानं एक गायक कल्पनेतून उभा करायचा, त्याच्या गाण्याचा तीन मिनिटांचा व्हिडिओ करायचा आणि त्याची वेबसाइट बांधायची. गाणं दुसऱ्याचं चालेल, पण त्याचा अधिकृत व्हिडिओ आधी निघालेला नसावा. बाकी फोटो, चित्रण, नाव, चरित्र सगळं आपलं. असं गाणं हुडकत असताना टॅम्सिनला एका कोपऱ्यात 'ओल' सापडलं होतं. वर्षभरापूर्वी कुणाच्या तरी गॅरेजात रेकॉर्ड केलेलं, दोनशे बारा वेळा ऐकलं गेलेलं. गाण्यात आई नव्हती, बहीण तर नव्हतीच. भाड्याच्या खोलीत भिंतीवर वर वर चढत जाणारी ओल, एवढंच. टॅम्सिननं ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, आता आपल्याला रडू येईल. ती वाट बघत बसली. आलं नाही. मग तिनं वहीत लिहिलं, 'तीन मिनिटे चार सेकंद. नियमात बसते.'

अलीकडे तिचं सगळंच असं होतं. कॉलेजातल्या नर्सबाई दर महिन्याला विचारायच्या, "एक ते दहामध्ये आज किती वाटतंय?" टॅम्सिन म्हणायची, पाच. मागच्या महिन्यात पाच, त्याच्या मागच्या महिन्यात पाच. वाईट नाही, बरं नाही, दाढेला इंजेक्शन दिल्यावर ओठ असतो तसं. ओठ आहे हे माहीत असतं, बस. शिक्षक मात्र खूश होते. पोरगी रडत नाही, उशीर करत नाही, याद्या वेळेवर देते.

खरी गोष्ट सांगायची तर परवानगीबिरवानगी हे सगळं निमित्त होतं. टॅम्सिनला बहिणीकडून एक ओळ हवी होती. शिवी आली असती तरी चाललं असतं. पण 'केरी, मी चुकले' असं लिहायला घेतलं की बोटं थांबायची आणि पुढे काही सुचायचंच नाही. सरांचा मसुदा तयार मिळाला, त्यात निदान वाक्यं पुरी होती.

*

पहिला आठवडा उत्तर आलं नाही. टॅम्सिननं तोपर्यंत वेबसाइटची पानं आखली. गायिकेचं नाव ठेवलं एल्सी कार्न. एक दर्शनी पान, एक कार्यक्रमांच्या तारखांचं, एक 'गायिकेविषयी'. त्या शेवटच्या पानावर तिनं लिहिलं, 'एल्सी कार्नचा जन्म कॉर्नवॉलमध्ये झाला. तिला समुद्र आवडतो.'

पेनहेल सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "टॅम्सिन, हे चरित्र आहे की बसचा पास? जन्म, गाव, फोटो, संपलं! ही बाई गाते का? हिचं काय दुखतंय? चाहत्याला काहीतरी चघळायला दे की."

"काय देऊ?"

"खोटं दे! मनाला येईल ते. सगळी बाईच खोटी आहे."

टॅम्सिननं त्याच तासाला लिहून टाकलं. लिहिताना ती एकदाही अडखळली नाही. एल्सी अठरा वर्षांची असताना तिनं परीक्षेच्या तोंडावर घर सोडून बँडबरोबर ब्रिस्टलला जायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी न्हाणीघराचं दार लावून तिनं फक्त चौदा वर्षांच्या बहिणीला सांगितलं. गाडी सुटेपर्यंत आईला कळता कामा नये. बहिणीनं शपथ घेतली. सकाळी एल्सी स्टेशनकडे निघाली आणि बहीण धावत बेकरीकडे, जिथं आई पहाटे पाचपासून कामाला असते. आई डोक्यावरच्या जाळीसकट स्टेशनवर आली आणि सगळ्या फलाटासमोर ओरडली, "जा! पण गेलीस तर माझ्या दारात परत पाय ठेवू नकोस." एल्सीनं आईकडे पाहिलंही नाही. तिनं फाटकाशी उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं, आणि गाडीत चढली. आजही ती तिला माफ करू शकलेली नाही.

सरांनी वाचलं आणि टेबलावर थाप मारली. "वा! आता कशी बाई जिवंत झाली! कुठून सुचतं गं तुला?" मग जरा थांबून म्हणाले, "फक्त ती धाकटी बहीण फारच दुष्ट झालीय. तिला थोडी माणसाळव. खऱ्या बहिणी इतक्या वाईट नसतात."

"बघते, सर," टॅम्सिन म्हणाली. तिनं त्यात काही बदललं नाही.

*

घरी ती आणि आई, दोघीच. बाप प्लिमथला दुसरा संसार मांडून बसलेला, त्याचा इथं काही संबंध नाही. आई, गेल ट्रेगियर, एकवीस वर्षं बेकरीत पेस्टीला मुरड घालत आली होती. आपल्या करंजीला घालतात तशीच मुरड, फक्त आत मांस आणि बटाटा, आणि एका पाळीत सहाशे. घरी बसली तरी तिची बोटं टेबलाच्या कडेवर नुसतीच दुमडत असायची.

त्या दिवशी टॅम्सिन परतली तर शॉटची यादी आईसमोर होती. सकाळी गडबडीत ती स्वयंपाकघरातच राहून गेली होती.

"अकरा नंबर," आई म्हणाली. "'आई येते. ओरडते.' हे काय आहे?"

"कॉलेजचं काम आहे."

"ते दिसतंय मला. आई कोण करणार?"

"अजून ठरलं नाही. मोर्वेनाची मावशी कदाचित."

"ती? तिला उभं राहिलं तरी हसू येतं." आईनं यादी सरळ केली. "मी येईन. शनिवारी एकला सुटते."

'नको' म्हणायला कारण द्यावं लागलं असतं आणि कारणाबद्दल त्या घरात अडीच वर्षांत कुणी बोललं नव्हतं. टॅम्सिननं यादीत अकरा नंबरापुढे 'गेल' असं लिहिलं.

आई चहाची किटली भरायला उठली आणि पाठमोरीच म्हणाली, "दुसऱ्या कडव्याच्या आधी ती श्वास घेते ना, तिथं कापू नकोस हं. तेवढा राहू दे."

म्हणजे आईला गाणं माहीत होतं. नुसतं माहीत नाही, पाठ होतं. त्या दोनशे बारांतले किती एकट्या आईचे असतील, असं टॅम्सिनच्या मनात आलं.

"उत्तर आलं का तिचं?" आईनं विचारलं.

"तुला कुणी सांगितलं पत्राचं?"

"मोर्वेनानं. मासे घ्यायला गेले होते."

"नाही आलं."

"बरं," आई म्हणाली आणि तिनं दोन कप काढले.

*

स्टेशनवर चित्रण करायला रेल्वेवाल्यांनी तीन आठवडे मागितले, म्हणून धोक्याच्या फॉर्मवर सरांनी फलाट खोडून बसथांबा लिहिला. हा फॉर्म म्हणजे सरांचं दुसरं वेड. 'संभाव्य धोका: वारा. उपाय: कोट.' तर शनिवारी दुपारी दोन वाजता टेकडीवरच्या बसथांब्यावर तिघी जमल्या. एल्सी कार्न झालेली मोर्वेना केरीचा जुना लाल कोट घालून, गिटारची रिकामी पेटी घेऊन उभी होती. आई बेकरीतून तशीच आली होती. जाळी अजून डोक्यावर होती आणि ती काढू का, असं तिनं विचारलंही नाही.

"काकू, माझ्यावर मनापासून ओरडा हं," मोर्वेना म्हणाली. "आमचा मालक रोज ओरडतो, मला सवय आहे. एवढंच की आवाज रेकॉर्ड होणार नाही. वरती गाणंच वाजणार."

"म्हणजे काहीही बोललं तरी चालेल?"

"शिव्या दिल्यात तरी चालेल!"

टॅम्सिननं कॅमेरा ट्रायपॉडवर बसवला. "आई, तू त्या कोपऱ्यावरून धावत यायचंस. इथं खडूची रेघ आहे, तिथं थांबायचं. मग ओरडायचं." हे ती अशा आवाजात म्हणाली, जणू भाजी कुठून आणायची ते सांगतेय.

पहिल्या वेळी आई धावत आली, रेघेवर थांबली आणि नुसती उभी राहिली. दुसऱ्या वेळीही तसंच. तोंड उघडलं, मिटलं.

"काकू, अहो काहीतरी म्हणा! 'बटाटे उकडलेत' म्हणा!"

"पुन्हा घ्या," आई म्हणाली.

तिसऱ्या वेळी नेमकी खरीच बस आली. आई धावत येतेय, मोर्वेना पेटी उचलतेय आणि मागे बस थांबून दार उघडलेलं. टॅम्सिननं कॅमेरा बंद केला नाही. पडद्यात तिला दिसलं, की आई रेघेवर थांबलीच नाही, रेघ ओलांडून पुढे गेली. तिनं मोर्वेनाच्या लाल कोटाची कॉलर दोन्ही हातांनी नीट केली आणि काहीतरी म्हणाली. दोन-तीन वाक्यं असावीत. मोर्वेनाचा चेहरा एकदम बदलला.

"येतेस का बाई, की नुसतीच निरोप घेतेस?" बसचालक आतून ओरडला. "मला रेडरूथला पोचायचंय!"

मोर्वेना चढलीसुद्धा, आणि पुढच्या थांब्यावरून चालत परत आली. तोवर टॅम्सिननं विचारलं होतं, "काय म्हणालीस तिला?"

"आवाज येत नाही ना त्यात?"

"नाही."

"मग झालं तर," आई म्हणाली. तिनं जाळी काढून खिशात कोंबली आणि ती घरी निघाली.

मोर्वेनालाही टॅम्सिननं विचारलं. ही बया, जी तळणाऱ्या कढईलाही गावच्या बातम्या सांगेल, ती मान हलवून म्हणाली, "ते मला नव्हतं बोललेलं. मी नाही सांगणार." टॅम्सिननं वहीत लिहिलं, 'तिसरा घ्यायचा.' तिला तेव्हाही काही वाटलं नाही. म्हणजे वाटायला हवं होतं हे तिला कळत होतं, आणि एवढ्यावरच ते थांबत होतं.

*

दोन आठवडे झाले तेव्हा सरांनी पत्राच्या प्रतीवर शिक्का मारला, 'उत्तर नाही'. "तेरावं वर्ष!" ते म्हणाले. टॅम्सिननं व्हिडिओ जोडला, श्वास ठेवला, वेबसाइट पुरी केली. मसुद्यात आश्वासन होतं म्हणून सोमवारी दुवाही पाठवला. शुक्रवारी काम जमा करायचं होतं.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये फोन थरथरला. मोर्वेना बटाट्यांवर व्हिनेगर ओतत होती. टॅम्सिननं पत्र उघडलं आणि एका दमात वाचलं.

'आदरणीय विद्यार्थिनी हिस,

आपले पत्र मिळाले. ओल हे गाणे आपल्या शैक्षणिक कामासाठी वापरण्यास माझी हरकत नाही.

व्हिडिओ पाहिला. आई थकलेली दिसते. तिचे ओठ काय म्हणतात ते मला चार वेळा पाहूनही कळलं नाही.

गायिकेविषयी या पानावर एक चूक आहे. बहिणीनं दगा दिला असं तू लिहिलंयस. तसं नाही. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तर तुला सांगितलं. मला एकटीनं जायची भीती वाटत होती आणि नाही जात म्हणायची लाज. वाटलं होतं, तू सांगशील, आई येईल आणि मला कानाला धरून घरी नेईल. ती आली आणि जा म्हणाली. मग मी गेले. तुझ्याकडे बघत होते ते एवढ्यासाठी, की तू तरी काहीतरी बोलशील.

आपली विश्वासू,
केरेन्झा'

"काय गं?" मोर्वेनानं विचारलं. "परवानगी नाही दिली?"

"दिली."

"मग तोंड असं का?"

टॅम्सिननं फोन तिच्यापुढे सरकवला. मोर्वेनानं ओठ हलवत वाचलं, दोनदा वाचलं. "अगं बाई," ती म्हणाली. "म्हणजे तू काहीच केलं नाहीस! सुटलीस की गं! अडीच वर्षं उगाच..."

पण टॅम्सिनला सुटल्यासारखं वाटत नव्हतं. तिला कानांच्या पाळ्या गरम लागत होत्या. आधी तिला वाटलं, ताप आला असेल. मग कळलं, राग आहे. चौदा वर्षांची होती ती! मोठ्या बहिणीनं तिला हेरलं होतं, जाणूनबुजून शपथ घातली होती आणि ती मोडेल या भरवशावर सगळं आखलं होतं. त्या शपथेपायी ती अडीच वर्षं नीट झोपली नव्हती, नर्सबाईंना पाच पाच सांगत फिरत होती. आणि आज हे पत्र. आईला नाही पाठवलं. तिलाच पाठवलं. कारण ती घरी जाईल आणि आईला सांगेल, 'तिला तू अडवायला हवं होतंस.' म्हणजे हेही तिनंच पोचवायचं. आईच्या डोळ्यांत बघून.

"मी नाही सांगणार," टॅम्सिन मोठ्यानं म्हणाली. शेजारच्या टेबलावरच्या पोरांनी मान वळवली. "मी काय टपाल आहे का ह्यांचं? एकीचं तिकडे, दुसरीचं इकडे! मी नाही!"

तिनं टेबलावर मूठ आपटली, व्हिनेगरची बाटली आडवी झाली. मोर्वेनानं बाटली उचलली आणि बटाटे तिच्यापुढे सरकवले. टॅम्सिन रडत होती. नाक गळत होतं, हुंदके येत होते, सगळं कँटीन बघत होतं आणि तिला त्याची फिकीर नव्हती.

मग तिनं उत्तर लिहिलं. मसुदा घेतला नाही.

'केरी, तू फार वाईट वागलीस माझ्याशी. मी पण तुला हाक मारायला हवी होती, नाही मारली. आई काय म्हणाली ते मलाही माहीत नाही, ती मला सांगत नाही. तिला तूच विचार आणि हे बाकीचंही तूच सांग. नंबर तोच आहे. ती साडेतीनला घरी असते.'

*

ती घरी पोचली तेव्हा आई स्वयंपाकघरात बूट काढत होती. टॅम्सिनचे सुजलेले डोळे बघून एका पायात बूट तसाच ठेवून ती थांबली.

"आलं उत्तर?"

"आलं."

"काय म्हणते?"

तोंडापर्यंत सगळं आलं होतं. टॅम्सिननं ते गिळलं. "परवानगी दिली."

"आणखी?"

"आणखी आहे. पण ते मी नाही सांगणार, आई. तुझं आहे, तिला सांगू दे. तुझा नंबर तोच आहे, साडेतीनला घरी असतेस, असं कळवलंय तिला."

"माझा नंबर आहे तिच्याकडे," आई म्हणाली. "पहिल्यापासून आहे."

"मग आता तिला माहीत आहे की तो चालू आहे."

आई खुर्चीवर बसली. कोटाच्या खिशातून तिनं फोन काढला, टेबलावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. घड्याळात तीन पंचवीस झाले होते. बोटं टेबलाच्या कडेला लागली होती पण दुमडत नव्हती.

"टॅम्सिन," ती म्हणाली, "ह्याचा आवाज कुठून वाढवायचा गं?"